पारुक्कुट्टीअम्मांच्या घरचं वाचन

१

तुम्ही कधी कुणाला रोज तासभर मोठ्याने वाचून दाखवलं आहे का? पेपरातली बातमी नव्हे, अख्खं पुस्तक, एकाच माणसाला? दाखवलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, चार-पाच दिवसांत ऐकणाऱ्याचा श्वाससुद्धा कळायला लागतो. कुठे त्याला डुलकी लागली, कुठे तो जागच्या जागी सावरून बसला, सगळं न बघता समजतं.

मी ओमना; गावात सगळे मला ओमनाचेची म्हणतात, म्हणजे ओमनाताई. आमच्या चेरुवयल गावच्या वाचनालयात घरपोच पुस्तकं देण्याचं काम मी अकरा वर्षं करते आहे. शिक्षण दहावीपर्यंत. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री, आणि ज्या बायकांना घरातून निघता येत नाही त्यांच्याकडे आठवड्यातून दोन फेऱ्या. केरळात बहुतेक गावांत वाचनालय असतं, आणि माझ्यासारखी एखादी बाईही असते. त्यात नवल काही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र आमच्याकडे काम वाढतं. सकाळी हॉलमध्ये मुलांचं शिबिर, गाणी, चित्रं, मधल्या वेळेला कांजी. आणि दुपारी तीन ते चार ‘सोबतवाचन’. ज्यांना दिसत नाही किंवा अंथरुणातून उठवत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी एकेक मूल जाऊन वाचतं. मुलाने एक चिठ्ठी भरून आणायची: काय वाचलं, किती पानं झाली, आणि ऐकणाऱ्याची सही. ही कल्पना माझी होती. ती चांगलीच होती, असं मला अजूनही वाटतं.

यादीत पंचवीस घरं असावी लागतात. मे महिन्यात वरची माणसं तपासणीला येतात, वाचनालयाला दर्जा देतात, आणि पंचवीसपेक्षा एक जरी घर कमी भरलं तर दर्जा उतरतो. या वर्षी आमची चोवीस होती. पारुक्कुट्टीअम्मा ओणमनंतर वारल्या होत्या.

“जुनीच यादी उतरवा, ओमनाचेची,” आमचे चिटणीस सजीवन म्हणाले. “त्यांच्यासमोर कुणाचं नाव नका घालू म्हणजे झालं. नुसती ओळ राहील.”

“मेलेल्या माणसाची?”

“ओळ मेलीय का? ओळ आहे ना कागदावर. पुढच्या वर्षी काढू.”

मी उतरवली. माझ्याच अक्षरात.

२

तीर्था उशिरा आली. म्हणजे शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात. तिची आई शीबा शिवणकेंद्रात कामाला, बाप आखातात, आणि अकरा वर्षांची ही पोर दिवसभर घरी एकटी. शीबाने तिला वाचनालयात आणून सोडलं तेव्हा मी फेरीवर होते. टेबलाशी सजीवन बसले होते. त्यांनी यादी उघडली, पंचविसात एकच रकाना रिकामा दिसला, त्यात तीर्थाचं नाव लिहिलं आणि तिला घराची खूण सांगितली. आपणच काय ठरवलं होतं हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाले, “रिकामा रकाना दिसला की हात शिवशिवतो.”

मला हे कळलं पाचव्या दिवशी, चिठ्ठ्या लावताना. तीर्थाच्या पाच चिठ्ठ्या होत्या. नावाड्याच्या मुलीची गोष्ट, अकरा पानं, चौदा पानं, बारा पानं. सहीची जागा मोकळी.

मला आधी हसू आलं. ती तिथे जाऊन कुलूप बघून परत येत असणार आणि ओरडा बसू नये म्हणून पानं लिहीत असणार. मुलं असं करतात. मी तिला बाजूला घेतलं.

“मोळे, बाळा, पारुक्कुट्टीअम्मांकडे कोण असतं गं आता?”

“अम्मूम्मा.”

“कुठली आजी?”

“तीच. आतल्या खोलीत. सही कर म्हटलं तर करत नाही. काहीच बोलत नाही. मी थांबले की नुसतं म्हणते, ‘मग?’”

माझ्या हातातल्या चिठ्ठ्या मी पुन्हा टेबलावर ठेवल्या. पारुक्कुट्टीअम्मांकडे मी सहा वर्षं पुस्तकं नेली, आणि त्यांचे डोळे गेल्यावर दोन उन्हाळे वाचून दाखवलं. पान उलटायला क्षण लागला तरी त्या विचारायच्या, मग? घोट पाणी प्यायले तरी, मग? हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

३

त्याच दिवशी तीन वाजता मी तीर्थाच्या मागोमाग निघाले. मनाशी सगळं जुळवत होते. पारुक्कुट्टीअम्मांचा मुलगा कोइंबतूरला असतो, त्याने सासूला आणून ठेवलं असेल. म्हाताऱ्या माणसांच्या सवयी सारख्याच असतात. ‘मग’ काय, कुणीही म्हणतं.

घर शेताच्या कडेला, एकटं. फाटकापासून ओसरीपर्यंत फणसाची वाळकी पानं पडलेली. ओसरीवर धूळ होती आणि खिडकीखाली हातभर जागा तेवढी स्वच्छ, बसून बसून झालेली. दाराला कुलूप. कुलपाच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं.

“तू आत कशी जातेस?”

“आत नाही जात. इथं बसते. खिडकीतून ऐकते ती.”

खिडकीची एक फळी उघडी होती. मी डोळे लावून बघितलं. उन्हातून आलेल्या माणसाला आत काय दिसणार? अंधार, आणि अंधारात थोडा जास्त काळा असा खाटेचा आकार.

“तुला दिसते ती?”

“पाय दिसतात. कधी कधी. निजून ऐकते ना.” तीर्था माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही उगाच घाबरताय, चेची. ती ओरडत नाही. बाकीच्यांच्या म्हाताऱ्या किती ओरडतात.”

“आज वाचू नकोस. चल.”

आम्ही फाटकाकडे वळलो. सहा-सात पावलं गेलो असू. मागून आवाज आला, असं मी शपथेवर सांगणार नाही. सुकलेला फणस फांदीला घासला तरी असा आवाज होतो. पण तीर्था थांबली आणि मागे वळून, आपल्या घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, “उद्या हं.”

४

इथून पुढे मी काय काय केलं ते लिहिते, कारण मी काही केलं नाही असं कुणी म्हणू नये.

मी सजीवनांकडे गेले. ते तपासणीच्या फायली लावत होते. “अहो, ते नाव काढा आणि त्या पोरीला दुसरं घर द्या.”

“तपासणी वीस तारखेला आहे. आता नाव काढलं तर कारण लिहावं लागेल. काय लिहू? बाई आठ महिन्यांपूर्वी वारल्या आणि आम्ही त्यांना वाचून दाखवतोय?”

“खरं तेच लिहा.”

“चेची, खरं लिहायला मला काही नाही. पण ते वाचणारा माणूस खालच्या दर्जाचा शिक्का घेऊन बसलाय.”

मी अध्यक्षांकडे गेले. दामोदरन माश, निवृत्त मुख्याध्यापक, सभ्य माणूस. त्यांनी मला बसवलं, ताक दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “यादीत बदल करायचा तर कार्यकारिणीपुढे आणायला हवा, ओमना. आपणच नियम केलाय तो. रविवारी विषय क्रमांक चारला घेऊ.”

रविवारी मी दोन तास बाकावर बसले. पहिला विषय हॉलचे पंखे. दुसरा समारोपाला ध्वनिवर्धक कुणाचा घ्यायचा. तिसऱ्या विषयात दोन सभासदांचं जुनं भांडण निघालं आणि चहा आला. चहानंतर माश म्हणाले, “चौथा पुढच्या बैठकीत.” मी उभी राहिले आणि म्हटलं, “माश, ती एक लहान पोर आहे.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणीतरी हळूच म्हणालं, “ओमनाचेचींना ऊन बाधलं वाटतं.”

शेवटी मी शीबाला गाठलं. तिला मी सांगितलं, त्या घरात कुणी राहत नाही, पोरीला पाठवू नकोस. शीबाने शिवणयंत्र थांबवलंसुद्धा नाही.

“मग ती वाचते कुणाला?”

“तेच मला कळत नाही.”

“चेची, स्पष्ट बोलू? माशांची नात आलीय ना सुट्टीला. समारोपात वाचायला एक मूल निवडणार आहेत. माझ्या पोरीची पानं सगळ्यांत जास्त झालीत. म्हणून तिचंच घर बंद करताय.”

“शीबा, मी असं करीन का?”

“नाही करणार तुम्ही. पण तुमच्याकडून करून घेतील. तुम्हाला नाही म्हणता येतं कुठं?”

हे लागलं, कारण ते खरं होतं. ती यादी मी नाही म्हणता न आल्यामुळेच उतरवली होती.

तीर्था जात राहिली.

५

आवाजाचं माझ्या ध्यानात आलं ते शिबिरातल्या गाण्यांमुळे. सगळी मुलं ओरडून गात होती आणि तीर्थाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. जवळ गेले तर आवाज होता, पण लांबून आल्यासारखा. दुसऱ्या खोलीत कुणी बोलावं तसा.

“घसा दुखतो?”

तिने मान हलवली. दुखत नव्हता.

दोन दिवसांनी ती कुजबुजत बोलायला लागली. मग कुजबुजही अशी, की कान तिच्या ओठांशी न्यावा लागे. आता मात्र शीबा घाबरली. डॉक्टरने घशात बत्ती टाकून बघितली, म्हणाला, लाल नाही, सूज नाही, फार वाचलं असेल, आठ दिवस बोलू देऊ नका. शीबाने पोरीला घरात बसवलं. गळ्याला फडकं गुंडाळलं. वाचन बंद.

मला सुटल्यासारखं वाटलं. मी मनाला समजावलं की प्रश्न मिटला. उन्हात तास तास वाचल्यावर कुणाचाही घसा बसेल. मुलं एकटी असली की मनाने माणसं तयार करतात. ‘मग?’ म्हणे. मलाही कधी कधी भलत्या जुन्या गोष्टी आठवतात.

अठरा तारखेला मी रमणीकडे पुस्तक द्यायला गेले. रमणीचं घर त्याच शेताच्या पलीकडच्या कडेला. ती अंगणात आंब्याच्या फोडी वाळवत होती.

“ती पोरगी काय गोड वाचते हो,” रमणी म्हणाली. “वाऱ्याबरोबर इथपर्यंत येतं. मी काम करता करता ऐकते. काल तर पाचपर्यंत चाललं होतं.”

“परवा असेल.”

“काल हो. काल मी फोडी घातल्या ना.”

काल दुपारी मी स्वतः शीबाच्या घरी होते. तीर्था माझ्यासमोर बसून पेज पीत होती.

६

तीन वाजून गेले होते. मी बांधावरून सरळ निघाले. मला राग आला होता, आणि राग आला की मला बरं वाटतं, भीती वाटत नाही. मला वाटलं, पोरगी सगळ्यांना फसवते आहे. घरी मुकी आणि आमची पाठ वळली की इथे येऊन घसा फाडते आहे.

फाटकापाशी पोचले तेव्हा वाचन ऐकू येत होतं. तीर्थाचाच आवाज, स्वच्छ, ठणठणीत, हॉलमध्ये पहिल्या दिवशी होता तसा. तिची सवय होती, लांब वाक्यात ती मध्येच श्वास घ्यायची आणि शेवटचा शब्द घाईने टाकायची. तसंच चाललं होतं. ओसरीवर कोणी नव्हतं. आवाज आतून येत होता.

“तीर्था,” मी हाक मारली. “बाहेर ये आधी.”

माझा पदर कुणीतरी ओढला.

तीर्था माझ्या मागे उभी होती. गळ्याला फडकं, काखेत आईची छत्री, आणि छातीशी उघडं धरलेलं पुस्तक, मधल्या पानावर बोट. आईने पुस्तक वाचनालयात परत द्यायला पाठवलं होतं हे मला नंतर कळलं. वाचनालयाचा रस्ता हा नव्हे. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. आतला शब्द आणि ओठांवरचा शब्द एकच होता.

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं. तिचं बोट होतं ते पान उघडून बघितलं. घाटावर बसलेली नावाड्याची मुलगी दोर सोडते आहे, असं तिथे होतं. आतून तेच ऐकू येत होतं, ओळ सुटत नव्हती.

मला वाटलं, पाठ झालं असेल. कुणाला, ते विचारलं नाही मी स्वतःला. मी चाळीस-पन्नास पानं मागे उलटली. आतला आवाज वाक्याच्या मध्ये तुटला आणि मी उघडलं होतं त्या पानापासून वाचू लागला. मी पुढे गेले. तो पुढे आला. तळाशी पोचला की थांबायचा. मी पान उलटेपर्यंत थांबायचा.

मग मी पुस्तक मिटलं.

सगळं शांत झालं. रमणीच्या अंगणातल्या कावळ्यांचा कालवा तेवढा. आत खाट करकरली, आडव्या माणसाने कोपरावर उठावं तशी.

“मग?”

हा आवाज तीर्थाचा नव्हता.

तीर्थाने तोंड उघडलं. तिला उत्तर द्यायचं होतं, हे तिच्या गळ्यावरून दिसत होतं, फडक्याखाली काहीतरी वर चढत होतं. मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिचे ओठ माझ्या तळव्याखाली हलत होते, थांबत नव्हते. पळावं, असं मनात आलं. पण पळून कुठे जायचं? ती घरी होती तेव्हाही इथे वाचन चालूच होतं.

मी तिला फाटकाच्या खांबाशी उभं केलं आणि ओसरी चढले. खिडकीखालच्या त्या स्वच्छ जागी बसले. पुस्तक उघडलं, आणि जिथे पोरगी थांबली होती तिथून वाचायला लागले. फार मोठ्याने. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते, सजीवनांशी नाही, माशांशी नाही. दोन आठवडे जे जे गिळलं होतं ते सगळं त्या वाचण्यात बाहेर येत होतं. दोन-तीन ओळी आतला आवाजही माझ्याबरोबर चालला. मग तो मागे पडला. मग बंद झाला.

आत कुणीतरी ऐकत होतं. ते मला न बघता कळत होतं.

पन्नास-साठ पानं उरली होती. ऊन ओसरीवरून माझ्या पायांवर आलं, पायांवरून भिंतीवर गेलं. पान उलटताना एकदा मी मान वर केली. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मान गेली. खाट आता थोडी दिसत होती. खाटेवर पाय नव्हते. खिडकीचा सर्वांत खालचा गज आतून कुणीतरी धरला होता. चार बोटं, नखं बाहेर. गोष्ट रंगात आली की माणूस पुढे सरकून धरतो तशी.

मी मान खाली घातली आणि वाचत राहिले. नावाड्याची मुलगी घरी पोचली, बापाची होडी सापडली, शेवटचं पान आलं.

“संपलं,” मी म्हटलं. “आता काही नाही.”

आतून ‘मग?’ आलं नाही. मी वर न बघता उठले, तीर्थाचा हात धरला आणि तिला घरी सोडलं. शीबाने विचारलं, इतका उशीर? मी म्हटलं, माझ्याबरोबर होती. पोरीने पेज प्यायली आणि लगेच झोपली.

७

मी तिथूनच वाचनालयात गेले. सजीवन यादीची स्वच्छ प्रत काढत बसले होते. मी त्यांच्यासमोर पेन घेतलं आणि पंचविसावी ओळ खोडली. नुसती रेघ नाही, अक्षर दिसू नये इतकी.

“अहो, हे काय? परवा तपासणी आहे.”

“दर्जा उतरला तर उतरू दे.”

“मला आधी सांगायचं तरी.”

“तीनदा सांगितलं.”

त्यांनी खोडलेला कागद बाजूला सारला. मग म्हणाले, “चोवीसचा दुसरा कागद करावा लागेल,” आणि खरंच कोरा कागद ओढून लिहायला बसले. इतकं सोपं होतं ते. मी पंधरा दिवस दारोदार फिरत होते आणि करायचं एवढंच होतं.

घरी येऊन मी भात टाकला. नवऱ्याने दिवसभराचं विचारलं, मी रमणीच्या आंब्यांचं सांगितलं. लवकर निजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शीबाचा फोन आला. तीर्था उठल्या उठल्या न्याहारीला पुट्टू मागत होती, मोठ्याने, पहिल्यासारखी. मागे तिचं बोलणं ऐकूही येत होतं. शीबा रडत होती आणि हसत होती. मग ती म्हणाली, “चेची, ऐकताय ना? हॅलो? चेची, काहीतरी बोला ना.” मला तिचं सगळं नीट ऐकू येत होतं, आणि माझे ओठ हलत होते. ती चार-पाच वेळा हॅलो म्हणाली, आणि मग तिने फोन ठेवला.